काट्याची साक्ष

ज्या उन्हाळ्यात माझी पत्नी दोन महिने अकोल्यास जाऊन राहिली, त्या उन्हाळ्यात आमच्याकडे अकरा वर्षे धुणे-भांडी आणि केर-फरशी करणाऱ्या बाईवर मी खोटेपणाचा आरोप केला. हे वाक्य मी प्रथम तीन-चार निराळ्या प्रकारांनी लिहून पाहिले. एकात ‘आरोप’ या शब्दाच्या जागी ‘शंका’ होती, एकात ‘गैरसमज’. ती सगळी खोडली. घडला तो आरोपच होता, आणि तोही एका तिऱ्हाइतासमोर.

पत्नीच्या थोरल्या बहिणीचे खुब्याचे हाड मोडले होते. निघण्याच्या आदल्या दिवशी तिने मला नंदनवनातील आमच्या सदनिकेच्या गॅलरीत नेले आणि नऊ कुंड्या एकेक करून दाखविल्या, जणू मी त्या पूर्वी कधी पाहिल्याच नव्हत्या. तगर, जास्वंद, तुळस, दोन गुलाब, शोभेच्या पानांच्या तीन, आणि कोपऱ्यात सिमेंटच्या मोठ्या कुंडीतला मोगरा. मोगरा तिने स्वतः दाबकलम करून वाढविला होता. चैत्र-वैशाखात माझ्या पूजेची ओंजळ त्याच्याच कळ्यांनी भरत असे.

“देवाला फुलं तुम्ही काढा,” ती म्हणाली, “पण पाण्याचं तुम्ही बघू नका. तिला कळतं.”

‘तिला’ म्हणजे बाईला. बाईचे माहेर उमरेडचे, विणकराचे. लहानपणी तिने आईच्या बरोबरीने सुताला खळ दिलेली. सूत पुरते वाळले की नाही, हे ती गालाला लावून सांगत असे म्हणे. कुंडीतही ती दुसऱ्या पेरापर्यंत बोट घाली, क्षणभर थांबे, आणि मग एकतर पाणी घाली किंवा न घालता पुढच्या कुंडीकडे वळे. तिच्या या पद्धतीत मला नेहमी काहीतरी अडाणीपणाचे वाटे. तसे वाटण्याचे खरे कारण मात्र मी कोणाला सांगत नसे.

ते कारण असे की मधुमेहाने माझ्या बोटांच्या टोकांची जाणीव गेल्या काही वर्षांत मंदावत जाऊन आता जवळजवळ हरपली आहे. ओले काय, थंड काय, हे मला स्पर्शाने उमगत नाही. पोथीची दोन पाने एकदम उलटतात आणि ते मला अर्थ तुटल्यावरच कळते. ही गोष्ट पत्नीखेरीज कोणास ठाऊक नाही अशी माझी समजूत होती. जन्मभर विद्यार्थ्यांच्या चुका बोट ठेवून दाखविलेल्या माणसाला आपल्या बोटाची ही अवस्था जगजाहीर व्हावीशी वाटत नाही.

आमच्या गावी उन्हाळ्यात कूलरवाचून निभाव लागत नाही. फाल्गुन सरला की खिडकीला लोखंडी धूड बसते, त्याच्या जाळ्यांत नवे वाळ्याचे गवत भरले जाते आणि खालच्या टाकीत रोज बादलीमागून बादली बोअरचे पाणी रिचविले जाते. टाकी भरण्याचे काम माझे. ताजे पाणी भरण्यापूर्वी तळाशी उरलेले शिळे पाणी मी तांब्याने उपसून काढी. पत्नी ते पाणी न्हाणीघरात सोडून देत असे. मला ते कधी मानवले नाही. देवाच्या स्नानाचे पाणी, तांदळाचे धुवण, ही पायदळी न जाता झाडाच्या मुळाशी जातात, अशा घरात मी वाढलो. म्हणून ती गेल्यावर ते शिळे पाणी रोज सायंकाळी मी झाडांच्या आळ्यात ओतू लागलो. प्रत्येकी एक तांब्या, मोगऱ्याला दोन, कारण त्याची कुंडी मोठी. तुळशीला मात्र नाही. तिला शिळे पाणी कसे घालावे? तिला पूजेनंतरचे ताजे पाणी.

हे मी झाडांना पाणी घालतो आहे असे मला एकदाही वाटले नाही, हे येथेच सांगून ठेवतो. पाणी घालणे हे बाईचे काम होते. मी शिळे पाणी योग्य स्थळी विसर्जित करीत होतो. माझ्या मनात या दोन कृतींच्या मध्ये एक भिंत होती आणि तिला खिडकीसुद्धा नव्हती.

तीनेक आठवड्यांत मोगऱ्याच्या पानांच्या कडा करपल्या. कळ्या धरत, पिवळट होत आणि देठासकट गळत. गुलाबाचीही पाने कडेने तपकिरी झाली. तुळस मात्र हिरवीगार होती. पत्नी रोज सायंकाळी फोनवर विचारी, “मोगऱ्याला आज किती कळ्या?” मी म्हणे, “आहेत.” बंगळुरास असणाऱ्या मुलाला मी फोनच्या पडद्यावर पाने दाखविली. तो म्हणाला, “बाबा, पाणी जास्त होतंय. मुळं कुजतात मग. मी तुम्हाला सॉइल मीटर पाठवतो, अंदाजपंचे काही नको.”

चार दिवसांत ते यंत्र आले. हिरव्या डबीसारखे त्याचे डोके, खाली वीतभर लांबीच्या दोन धातूच्या काड्या, डोक्यावर काचेखाली एक बारीक काटा आणि एकापासून दहापर्यंतचे आकडे. लाल भाग म्हणजे कोरडे, हिरवा म्हणजे बरे, निळा म्हणजे ओले. ना बॅटरी, ना वायर. घरात नवी वस्तू आली म्हणून मी तिला देवापुढे ठेवून हळदकुंकू वाहिले, अक्षता टाकल्या. आमच्याकडे मिक्सरलाही वाहिल्या होत्या. पण मिक्सरला मी कधी काही विचारले नव्हते.

यंत्र मोगऱ्याच्या मातीत रोवले. काटा सरसर चढला आणि आठावर स्थिरावला. गुलाबांत साडेसात. तुळशीत पाच. माझ्या मनात त्या क्षणी सगळे जुळून आले. बाई बेसुमार पाणी घालते. तुळशीला हात लावताना पापाची भीती वाटते म्हणून तेवढी एक बचावली.

दुसऱ्या दिवशी बाईने ते यंत्र पाहिले आणि ओले हात पदराला पुसत जवळ आली.

“हे काय होय, बाबाजी?”

“मातीत किती पाणी आहे ते हे सांगते.”

“म्हणजे झाडाचा थर्मामीटर! मंग किती निंगाला ताप?”

“आठ. पाणी फार झाले आहे. यापुढे मी सांगितल्याशिवाय पाणी घालायचे नाही.”

“फार?” तिने बाहेरच्या उन्हाकडे हात केला. “बाबाजी, कावळे तोंड वासून राहिले झाडावर, अन तुमच्या कुंडीत पाणी फार झालं?”

“काटा सांगतो ते खरे.”

“तुमी म्हणान तसं. पन मोगरा वाळन हं, सांगून ठेवते.”

मी एक वही केली. सकाळ-सायंकाळ काटा पाहायचा आणि आकडा टिपायचा. पहिल्या दिवशी आठ. दुसऱ्या दिवशी आठ. तिसऱ्या दिवशी साडेआठ. मोगऱ्याची शेंड्याकडची पाने आता मान टाकू लागली होती. मुलगा म्हणाला, “पाणी थांबवलं की हळूहळू खाली येईल, बाबा.” पण काटा खाली येईना. वैशाखाच्या उन्हात, एक थेंबही पाणी न घालता, कुंडीतली ओल वाढते कशी? याचे एकच उत्तर मला दिसत होते. कोणीतरी पाणी घालीत आहे.

आणि घरात दुसरे होते कोण? सकाळी सात ते आठ मी पूजेला बसतो. त्या तासात मी आसन सोडीत नाही आणि कोणाशी बोलत नाही. हे बाईला ठाऊक. नेमक्या त्याच वेळी ती गॅलरीत फरशी पुसते, आणि गॅलरीत नळ आहे.

त्यानंतरच्या माझ्या पूजांचे वर्णन करताना मला संकोच वाटतो. मुखाने सूक्त चालू असे, हाताने अभिषेक चालू असे, आणि कान गॅलरीच्या नळाकडे. नळ सुटला की मी मनात मोजू लागे. फडके पिळायला एवढे पाणी लागते का? आता धार जाड झाली. आता थांबली. पुन्हा का सुटली? एके दिवशी देवाच्या स्नानाआधीच मी त्याला गंध लावले, आणि मग त्याच गंधावर पाणी ओतले. साठ वर्षांत हा क्रम कधी चुकला नव्हता. त्याचाही दोष मी त्या वेळी मनातल्या मनात नळ सोडणारीलाच दिला.

मग मी एक युक्ती केली. रोज रात्री, सायंकाळच्या शिळ्या पाण्याचे विसर्जन आटोपून वरची माती सुकली की, मोगऱ्याच्या मातीवर पांढऱ्या रांगोळीचा पातळ थर चाळणीने चाळून पसरू लागलो. पाणी पडले तर रांगोळी भिजेल, चर पडेल. पहिल्या सकाळी पूजा होताच मी गॅलरीत गेलो. रांगोळी कोरडी होती. काटा साडेआठ.

सरळ मनाच्या माणसाने येथे बाईला दोषमुक्त केले असते. मी म्हणालो, ती हुशार आहे, कुंडीच्या खालच्या ताटलीत ओतत असेल. ताटलीत बोट फिरवून मला काही कळणार नव्हते, म्हणून कागद टेकवून पाहिला. कागद कोरडा. तर मी म्हणालो, तेवढ्यात वाळले असेल.

तिसऱ्या सकाळी रांगोळीच्या थराच्या मध्यभागी एक भोक दिसले. वाटोळे, स्वच्छ, दोन पेरे खोल. बोटाचे.

बाई तेव्हा सदनिकेच्या दारात पायपुसणे झटकीत होती. समोरच्या सदनिकेत राहणारे निवृत्त अभियंते दूध घेण्यासाठी आपले दार उघडून उभे होते. मी थांबायला हवे होते. मी थांबलो नाही.

“मोगऱ्याच्या मातीत बोट कोणी घातले?”

“मी,” ती म्हणाली.

“मी काय सांगितले होते?”

“पाणी नोको टाकू म्हणले तुमी. बोट नोको घालू कुठं म्हणले?”

अभियंते खो खो हसले. “गुरुजी, पॉइंट बरोबर आहे बरं! अन सकाळी सकाळी पंचनामा कशाचा चालू आहे?”

ते हसले नसते तर कदाचित माझा आवाज चढला नसता. पण तो चढला. “काटा साडेआठ दाखवतो. माझ्या पूजेच्या वेळी गॅलरीत तू एकटी असतेस. पाणी घालतेस आणि घालत नाही म्हणतेस. याला खोटे बोलणे म्हणतात.”

तिने पायपुसणे खाली ठेवले.

“वरून दोन बोटं कोरडी ठन्न माती हाय, बाबाजी. खाली नावाची ओल हाय, तेवढ्यात झाडाचा घसा बी भिजत नाई. म्हणून बोट घालून पाह्यलं. पाणी नाई टाकलं मी.”

“मग काटा खोटे बोलतो?”

“मले काय माईत काडीचं? मी माह्यं सांगून राहिली.” आता तिचाही आवाज बदलला. “अकरा वर्षं झाले. आईजीच्या पाटल्या मोरीवर राह्यल्या होत्या, त मी हातात आणून देल्या. अन आता हे? लोक पाणी चोरून नेतात बापा, चोरून टाकते कोन?”

“क्यामेरा लावून टाका ना गुरुजी,” अभियंते म्हणाले. त्यांना वाटले ते वातावरण हलके करीत आहेत. “झंझटच खतम.”

“लावा,” बाई म्हणाली. “अन कामाले बी त्या काडीलेच लावा. भांडे तेच घासन.”

तिने पायात चपला घातल्या आणि ती जिना उतरून गेली. दुसऱ्या दिवशी आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही.

मी भांडी स्वतः घासली. दोन पेले हातून सुटले, कारण धरलेली वस्तू निसटते आहे हे माझ्या बोटांना वेळेवर कळत नाही. मनात मात्र एक क्रूर समाधान होते. खरी असती तर एवढी चिडली असती का, असे मी स्वतःला विचारी. ती चिडली नसती, तरी ‘खरी असती तर चिडली नसती का?’ असेच मी विचारले असते, हे आज मला ठाऊक आहे. त्यावर मी गॅलरीच्या दाराला कुलूप लावले आणि किल्ली जानव्याला बांधली. आता काटा उतरणार होता आणि वहीत ते लिहिले जाणार होते.

चौथ्या दिवशी सायंकाळी काटा नऊ झाला.

मी मान वर करून वरच्या मजल्याची गॅलरी न्याहाळली. कुठे गळती नव्हती. अभियंत्यांची खिडकी आमच्या गॅलरीपासून चार हात दूर, तरी तिथून नळी टाकता येईल का याचा मी खरोखर विचार केला. मग नेहमीप्रमाणे कूलरच्या टाकीतून तांब्या भरून आणला, वाकलो, आणि मोगऱ्यावर तो कलता करताना हात तसाच थांबला. दाराला कुलूप होते. किल्ली माझ्या जानव्याला होती. आणि पाण्याने भरलेला तांब्या माझ्या हातात होता.

तांब्या खाली ठेवला तेव्हा मनगट दुखत होते.

तरीही एक गोष्ट उलगडत नव्हती. एवढ्या थोरल्या कुंडीत दोन तांबे पाणी, तेही वैशाखात, जेव्हा वरची माती रात्रीतच वाळून जाते. त्याने काटा नऊवर कसा जाईल? बाई म्हणाली होती, नावाची ओल. मी खाली बसलो आणि बोटांनी जे कळत नव्हते ते डोळ्यांनी पाहू लागलो. रांगोळी ओल्या फडक्याने पुसून काढली, तरी कुंडीच्या आतल्या काठाला पांढरा थर उरला. तो खरवडला तर कडक, खपलीसारखा. रांगोळी नव्हती ती. तसाच थर मी रोज पाहत होतो. कूलरच्या टाकीच्या कडेला, आणि वाळ्याच्या जाळ्यांवर, जिथे पाणी उडून जाते आणि पाण्यातला क्षार मागे उरतो. रोज टाकीत नवे पाणी पडे, रोज त्यातले पाणी वाऱ्यावर जाई, आणि तळाशी उरे ते दिवसेंदिवस अधिक खारट. तेच मी भक्तिभावाने मुळाशी ओतीत होतो.

मी स्वयंपाकघरात जाऊन तीन वाट्या मांडल्या. एकीत पिण्याच्या फिल्टरचे पाणी, दुसरीत नळाचे, तिसरीत कूलरच्या तळाचे. यंत्राच्या काड्या पहिल्या वाटीत बुडविल्या. काटा किंचित हलला आणि लाल भागाच्या शेवटावर थांबला. जेथे पाण्यावाचून दुसरे काहीच नाही, तेथे काटा म्हणत होता, कोरडे. नळाच्या पाण्यात तो मध्याच्या पुढे गेला. कूलरच्या पाण्यात दहाला जाऊन भिडला आणि तिथेच थरथरत राहिला. तो पाणी मोजीतच नव्हता. पाण्यात विरघळलेले जे काही होते त्याला तो डोलत होता.

तर्कशास्त्राच्या वर्गात मी अनेक वर्षे शिकविले की अग्नी आहे तेथे धूर असतोच असे समजू नये. लाकूड ओले असेल तरच धूर होतो, आणि ती आड दडलेली अट जो शोधत नाही त्याचे अनुमान कोसळते. मुले ते पाठ करीत, मी ते तपाशीत असे, आणि चुकले तर ओळीखाली लाल रेघ ओढीत असे. माझ्या गॅलरीत एका डबीसमोर मी ती अट शोधली नाही. त्याहून वाईट हे की ज्ञानाच्या साधनांत विश्वासू माणसाचा शब्द आमचे तर्कशास्त्र मोजते, आणि असा शब्द माझ्या दारात उभा होता. त्याला मी बाहेर काढले.

यंत्राला मी दोष देत नाही. ते पुसून कपाटात ठेवले. ते जे सांगत होते ते त्याच्या परीने बरोबरच सांगत होते.

त्या सायंकाळी पत्नीचा फोन आला. “मोगऱ्याला किती कळ्या?” तिने विचारले. मी पहिल्यापासून सगळे सांगितले.

“बाईचा नंबर दे,” मी म्हणालो.

“नाही देणार. फोनवर नाही करायचं हे.” मग तिने विचारले, “तुम्ही समोरच्यांच्या देखत बोललात ना तिला?”

“हो.”

“मग त्यांना घेऊन जा.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अभियंत्यांचे दार ठोठावले आणि काय करायचे आहे ते सांगितले. त्यांनी थट्टा केली नाही. “बसा मागे,” ते स्कूटर काढीत म्हणाले, “पन गुरुजी, धोतर आवरून बसा बरं.” अकरा वर्षे जी आमच्या घरात रोज येत होती तिचे घर कोठे, हे मला विचारीत विचारीत शोधावे लागले. ते आमच्या घरापासून पायी दहा मिनिटांवर निघाले.

बाई दारातल्या नळावर ड्रम भरीत होती. नवरा ओट्यावर चहा घेत बसला होता, शेजारच्या दोन बायका आपापली भांडी घेऊन रांगेत उभ्या होत्या. आम्हाला पाहून नवरा उठला. बाईने नळी एका ड्रममधून दुसऱ्यात घातली आणि पाण्याकडेच पाहत राहिली.

मी हात जोडले. मला वाटले होते शब्द सुचतील, कारण ते मला नेहमी सुचतात. मी म्हणालो, “पाणी मीच घालीत होतो. कूलरचे. तू खरे सांगत होतीस. मी तुला खोटे ठरविले, ते यांच्यासमोर ठरविले, म्हणून यांना आणले आहे.”

“कूलरचं?” तिने वर पाहिले. “माय वो! ते खारं पाणी मोगऱ्याले?” आणि शेजारणींकडे वळून, “आईका वं, वाळोलं बाबाजीनं अन नाव माह्यं!”

शेजारणी हसल्या. हसू द्यावे, असे मला वाटले. मग जे कोणास सांगितले नव्हते ते मी बोललो. “माझ्या बोटांना आता काही कळत नाही. माती ओली की कोरडी, समजत नाही. म्हणून काट्याला विचारीत बसलो.”

“ते मले माईत हाय,” ती म्हणाली.

“कोणी सांगितले?”

“सांगाले कायले पायजे? तव्यावरची पोई तुमी फुकर न मारता उचलता. म्हणून त आईजीले म्हणलं, बाबाजीले मोठ्या कानाचा कप आना.” तिने नळ बंद केला. “मंग मलेच इचाराचं ना, बाबाजी. मी त रोज बोट घालत होती. काडीले काहून इचारलं?”

अभियंते खाली पाहत होते. नवरा म्हणाला, “बसा गुरुजी, चहा घ्या.” मी बसलो. तो चहा तिने केला नाही, नवऱ्याने केला.

निघताना ती म्हणाली, “उद्या येते. पन आता झाडाले पाणी टाकाचं त तुमच्या डोळ्यासमोर टाकीन. तुमी उभं राहाचं तिथं. मंग मले कोनी काई म्हणाले नोको.”

“त्याची आवश्यकता नाही,” मी म्हणालो.

“तुमाले नसन. मले हाय.”

मोगऱ्याची वरची माती आम्ही काढून टाकली, नवी भरली, आणि सारा क्षार खालून वाहून जाईपर्यंत साध्या पाण्याने ती कुंडी दोन दिवस धुतली. अर्धी फांद्यांची जाळी वाळून गेली. उरलेल्या अर्ध्यातून नवी पालवी आली. पत्नी परतली तेव्हा तिने झाडाला हात लावून पाहिले, माझ्याकडे पाहिले, आणि पुन्हा झाडाकडे पाहिले. दोन-तीन आठवड्यांनी तिने बाईला सांगितले की आता पुरे कर, त्यांना रोज कशाला उभे करतेस. बाई म्हणाली, “राहू द्या उभं, आईजी.”

हे लिहितो आहे तोवर दुसरा उन्हाळा आला आहे. सकाळी पूजा आटोपून मी जपाला बसतो, आणि साडेआठच्या सुमारास गॅलरीतून हाक येते, “बाबाजी, या!” मी माळ तेथेच ठेवून उठतो, कारण तिला ताटकळत ठेवणे मला जमत नाही. ती तगरीपासून सुरुवात करते. प्रत्येक कुंडीत बोट घालते, मला बोट दाखविते, विचारते, “टाकू?” मी म्हणतो, “टाक.” मोगऱ्यापाशी आली की ती बोट घालून नेहमीपेक्षा जरा अधिक वेळ थांबते, भरलेला मग हातात धरून माझ्या चेहऱ्याकडे पाहते, आणि मगच पाणी घालते.